सुकू न दिलेलं रील

मासेमारीच्या रॉडवरचं, दोरी गुंडाळून घेणारं रील पाण्याखाली सहाएक तास होतं. कुणकेश्वरजवळच्या कातळावर भरतीच्या लाटेने ते रॉडसकट उचलून नेलं आणि सुकती म्हणजे ओहोटी संपता संपता खडकांच्या बेचक्यात, वाळूत अर्धं रुतलेलं सापडलं. अमावास्येचं उधाण होतं म्हणून पाणी तेवढं मागे हटलं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असतो तेव्हा, ते बहुतेक गेलंच असतं. मी शर्टाच्या टोकाने पुसायला लागणार, तेवढ्यात तिथे कालवं काढत बसलेले एक आजोबा म्हणाले, "पुसतंस कित्याक? सुकूक देव नको तेका."

आपली पहिली ओढ नेमकी उलटी असते. मोबाइल भिजला की आपण वाळवायला धावतो, तसंच रीलचंही करावंसं वाटतं. पण समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी उडतं आणि क्षार तिथेच राहतात. उरलेल्या ओलाव्यात ते आणखी दाट होतात, वर हवा मिळते, आणि गंज खरा तिथून जोर धरतो. कोकणातल्या दमट हवेत मीठ नुसतं पडून राहत नाही, ओल ओढत राहतं. त्यात रीलच्या पोटात जस्ताच्या मिश्रधातूचा मोठा गियर, पितळी पिनियन (त्याच्याशी जुळणारं लहान दातेरी चाक), स्टेनलेसचे स्क्रू, अॅल्युमिनियमचा स्पूल (दोरी ज्यावर गुंडाळतात ती फिरकी) असे निरनिराळे धातू एकमेकांना खेटून बसलेले. खारं पाणी मधे आलं की त्यातला कमजोर धातू आधी खाल्ला जातो.

म्हणून रील समुद्राच्याच पाण्याच्या बादलीत बुडवून खोलीवर आणलं. हँडल एकदाही फिरवलं नाही, कारण आत वाळू होती. मालकांनी विहीर दाखवली, पण किनाऱ्याजवळची विहीर, पाणी मचूळ. शेवटी दुकानातून पिण्याच्या पाण्याचा 20 लिटरचा जार आणला. स्पूल काढून वेगळा ठेवला, त्यावरची ब्रेडेड लाइन पूर्ण उलगडली. ही लाइन दोऱ्यासारखी विणलेली असते. तिच्या तळच्या थरांत खारं पाणी साचून राहतं आणि स्पूल आतून खातं. पाणी बदलत राहिलो आणि दर वेळी जिभेच्या टोकाला लावून पाहिलं. खारटपणा जिभेला लगेच कळतो. धार मारून धुवायचा मोह आवरला; जोराचं पाणी मीठ आणि वाळू बेअरिंगमध्ये ढकलतं.

मग झाकणाच्या डब्यात, गोड्या पाण्यात बुडालेलं रील डिकीत ठेवून फोंडा घाटाने कोल्हापूरला घरी आलो. बायकोने डबा उघडला, रील बघितलं आणि मासे कुठे आहेत एवढंच विचारलं.

खोलण्याचं काम सावकाशीचं आहे. प्रत्येक पायरीचा फोटो काढला आणि सुटे भाग निघतील त्या क्रमाने ताटात मांडले. गियरखाली कागदाइतक्या पातळ चकत्या असतात, त्या तेलाने चिकटून येतात आणि लक्षात न येता हरवतात. त्या नसल्या तर गियरची पकड बिघडते. काही रीलमध्ये रोटरच्या, म्हणजे स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाच्या, नटाचे आटे उलटे असतात, तेव्हा नट हलत नसेल तर जोर लावण्याआधी दुसरी दिशा तपासावी. आतलं ग्रीस पाण्यात मिसळून ताकासारखं पांढरं झालं होतं. ते सगळं केरोसीन आणि जुन्या टूथब्रशने काढलं. प्लास्टिकचे भाग आणि ड्रॅगच्या, म्हणजे लाइन ओढली जाताना लागणाऱ्या ब्रेकच्या, कार्बन चकत्या मात्र नुसत्या साबणाच्या पाण्याने.

बेअरिंगमध्ये जास्त वेळ गेला. बाजूच्या झाकणीची बारीक तार सुईने काढली आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये खळबळून बोटावर फिरवून पाहिलं. लाइन रोलरचं, म्हणजे लाइन ज्यावरून वळून स्पूलवर येते त्या चाकाचं, बेअरिंग अडकलेलंच होतं. सगळ्यात आधी जातं ते हेच, आणि कुणी त्याच्याकडे बघत नाही. पिनियनवरचंही खरखरत होतं. व्हर्नियरने मोजलं तर 7 × 14 × 5 मिमी. दोन्ही बाजूंना झाकणी असलेलं हे माप बेअरिंगच्या दुकानात 687ZZ म्हणून मिळतं. मासेमारीचं नाव काढायची गरज नाही, फक्त स्टेनलेस मागायचं.

उलटं न फिरू देणारा क्लच हा नाजूक भाग. त्यात ग्रीस गेलं की रोलर चिकटतात, आणि मासा लागल्यावर झटका द्यावा तर हँडल मागे घसरतं. तिथे पातळ तेलाचा एखादा थेंब पुरे. गियरला मात्र सढळ हाताने मरीन ग्रीस. डब्ल्यूडी-40 वर मी सगळं सोपवलं नाही. पाणी हटवायला ते उत्तम, पण गियरला लागणाऱ्या जाड ग्रीसचं काम ते करत नाही.

जोडून पाहिलं तर क्लच घसरलाच. पुन्हा उघडला. आतल्या नळीवर बोटांचं ग्रीस लागलं होतं, ते अल्कोहोलने पुसलं आणि पकड आली. मोठ्या गियरच्या दातांवर पांढुरके खड्डे उरलेत, हँडलला बारीकशी खरखर येते. खाडीत तांबोशी माशासाठी ते रील अजून चालतं. मोठ्या माशाच्या मागे जाताना दुसरं नेतो.