पन्नाशीतला व्हिजन बोर्ड: काय लावलं, काय काढलं

पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला "तुला पुढे काय करायचंय?" असं कुणी विचारत नाही. मुलीचं शिक्षण कुठवर आलं, घराचं कर्ज कधी फिटतंय, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत, एवढं विचारतात. मी साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. दहावीच्या मुलांना दरवर्षी मीच विचारते, "पुढं काय ठरवलंय?" आणि ती पोरं बिचारी काहीतरी उत्तर देतात. आमची निवृत्ती 58 ला. म्हणजे नोकरीची मोजकी वर्षं उरलीत, आणि त्यानंतरचं आयुष्य चांगलं मोठं असू शकतं. त्याबद्दल माझ्याकडे एक धड वाक्य नव्हतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत व्हिजन बोर्ड, म्हणजे पुढच्या आयुष्यात काय हवंय त्याची चित्रं लावलेला फलक, करायला बसले.

बोर्ड करायचा म्हणजे आधी चित्रं कापायची, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. मी आधी लिहून काढलं, आणि ते बरं झालं. "माझी स्वप्नं" असं शीर्षक घालून लिहायला घेतलं की हात थबकतो, सगळं छापील वाटायला लागतं. त्याऐवजी मी गेल्या वर्षभरात मला कुणाचा हेवा वाटला ते लिहिलं. हेवा खोटं बोलत नाही. कुणाचा मोठा फ्लॅट, कुणाची गाडी, कुणाचे पाटल्या-तोडे, यातलं काहीही त्या पानावर उतरलं नाही. उतरलं ते असं: शेजारच्या काकू सकाळी तानपुरा लावून बसतात. शाळेतल्या एक बाई सुट्टीत कळसूबाई चढून आल्या. माझी मावसबहीण दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर चालते आणि परत येते तेव्हा तिचा चेहरा वेगळाच दिसतो. आणि एक मैत्रीण, जिला तिच्या बचतीचा आकडा तोंडपाठ आहे आणि त्यासाठी नवऱ्याला विचारावं लागत नाही. हे पान वाचताना मला रडू आलं. काय हवंय ते मला माहीत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

मग रद्दी काढली. जुने दिवाळी अंक, रविवारच्या पुरवण्या, सहल कंपन्यांची माहितीपत्रकं. चित्रं शोधता शोधता एक गोष्ट लक्षात आली. त्या ढिगाऱ्यात माझ्या वयाची बाई कुठे दिसते? गुडघेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत, विम्याच्या जाहिरातीत, किंवा ताटात पुरणपोळी वाढताना. गाणारी नाही, डोंगर चढणारी नाही, पासबुक समोर घेऊन हिशोब करणारी तर नाहीच. जी घरं छापलेली असतात त्यांत कपडे वाळत घालायला दोरी नसते. समुद्रकिनारे असतात ते कुठल्यातरी परक्या बेटांवरचे. अशा चित्रांतून स्वतःची इच्छा निवडायला बसलं की हळूहळू जाहिरातदाराचीच इच्छा आपली वाटायला लागते. म्हणून मी रद्दीतली मोजकीच चित्रं घेतली आणि फोनमधले, जुन्या अल्बममधले स्वतःचेच फोटो काढले. काही स्टुडिओतून छापून आणले. कॉलेजात स्नेहसंमेलनात गातानाचा एक काळा-पांढरा फोटो निघाला. गाण्याच्या प्रवेशिका पूर्ण परीक्षेचं प्रमाणपत्र सापडलं, कडेला पिवळं पडलेलं. अजिंक्यताऱ्यावरून पहाटे दिसणाऱ्या गावाचा एक फोटो होता, तोही घेतला.

पाया म्हणून कार्डशीट घेऊ नका, सॉफ्टबोर्ड घ्या. फेव्हिकॉलने चिकटवलेलं चित्र काढताना फाटतं, मग ते काढायचं जिवावर येतं आणि नको असलेलं तसंच राहतं. टाचणी उपसली की काम झालं. मला बोर्डचा सगळ्यात जास्त उपयोग काढण्यासाठीच झाला.

पहिल्या संध्याकाळी बोर्ड गच्च भरला होता. परदेशातल्या विद्यापीठाची इमारत, कारण मुलीला एमएस करायचंय. शेतावरचं छोटं घर, कारण ह्यांना निवृत्तीनंतर गावी राहायचंय. युरोपची सहल, कारण जावेबरोबर जायचं ठरत होतं. सासूबाईंसाठी तळमजल्यावरची खोली. सगळी चित्रं चांगली, सगळी मनापासून लावलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन समोर बसले आणि प्रत्येक चित्राखाली पेन्सिलने लिहीत गेले: ही इच्छा कुणाची? निम्म्याहून अधिक चित्रांखाली दुसऱ्याचं नाव आलं.

इथे मी बराच वेळ अडकले. मुलीचं चित्र काढायचं म्हणजे तिच्यावरचा जीव कमी झाला असं वाटत राहिलं. आपल्याकडे आईपणाचा अर्थच असा शिकवलाय की तिची वेगळी यादी असणं हेच जरा गैर वाटतं. शेवटी मुलीलाच फोन केला. ती म्हणाली, "आई, युनिव्हर्सिटी माझ्या भिंतीवर लावते मी. तू तुझं लाव ना." मी ते चित्र काढलं आणि त्या जागी एक साधा कागद लावला. त्यावर तिच्या शिक्षणासाठी आम्ही दोघं मिळून किती देऊ शकतो तो आकडा लिहिला, आणि त्याखाली माझ्या निवृत्तीसाठी ज्याला हात लावायचा नाही तो आकडा. पहिला आकडा मुलीला सांगितला, दुसरा ह्यांना. ह्यांनी जरा वेळ बघितलं आणि "बरोबर आहे" म्हणाले. आमच्या घरात पैशांवर इतकं सरळ बोलणं त्याआधी झालं नव्हतं. शेतावरच्या घराचं चित्र मी त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते त्यांचं आहे, मी सोबत जाईन.

युरोपचं चित्र सहज निघालं.

उरलं ते गाणं, चालणं आणि पैसा. त्या दिवसांत मी व्हिजन बोर्डांबद्दल थोडं वाचलंही. चित्र भिंतीवर लावलं की विश्व आपोआप ते आणून देतं, या म्हणण्यावर माझा विश्वास नाही. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगेन यांच्या अभ्यासांतून तर उलटंच दिसलंय: नुसतं गोड भविष्य रंगवत राहणारी माणसं प्रत्यक्ष प्रयत्न कमी करतात. त्या म्हणतात, इच्छेच्या शेजारी आपल्या आतला अडथळाही मांडा आणि तो आला की काय करायचं ते आधीच ठरवा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत लिएन फाम आणि शेली टेलर यांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेआधी काहींनी रोज आपल्याला उत्तम गुण मिळाल्याचं डोळ्यांपुढे आणलं, काहींनी आपण अभ्यासाला बसलोय असं. अभ्यास डोळ्यांपुढे आणणाऱ्यांना गुण जास्त मिळाले. शिक्षिका म्हणून मला हे लगेच पटलं. निकालाचं स्वप्न बघणारी आणि वही उघडणारी, दोन्ही प्रकारची मुलं मी वर्गात बघत आलेय.

म्हणून बोर्डावरच्या गाण्याच्या भागातून मी रंगमंचाचा फोटो काढला. तिथे आता आमच्या मधल्या खोलीचा कोपरा आहे: सतरंजी, इलेक्ट्रॉनिक तानपुरा, भिंतीवरचं घड्याळ पहाटेच्या वेळेवर. शेजारी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची उतरंड हाताने लिहिलीय: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारदची दोन वर्षं. पहिल्या तीन नावांवर लग्नाआधीच बरोबरची खूण झालेली आहे. चौथ्याभोवती लाल गोल. आणि खाली अडथळा: "आवाज उतरलाय." तो खरंच उतरलाय. मुलगी असताना हार्मोनियमच्या काळी पाच पट्टीत गायचे, आता काळी चारमध्येच गळा मोकळा राहतो. या वयात बायकांचा आवाज थोडा खाली येतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. गुरुजींना पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "मग काळी चार. षड्ज कुठेही लावा, लागला पाहिजे." भूप पुन्हा पहिल्यापासून घेतला आणि त्या एका रागात मी कितीतरी आठवडे आनंदाने राहिले.

चालण्याच्या भागात आधी नर्मदा परिक्रमा होती. पायी परिक्रमेला काही महिने लागतात. नोकरी आणि घरात थकलेल्या सासूबाई असताना ते आज होणं नाही. ते चित्र मी पाकिटात घालून त्यावर "58 नंतर" असं लिहिलं आणि बोर्डाच्या मागे अडकवलं. त्या जागी आपल्याच जिल्ह्यातली वाट लावली. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते, पुढे चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं आणि पालखी तरडगावला जाते. लोणंद ते तरडगाव हा टप्पा छोटा आहे, माझ्या गुडघ्यांना झेपेल असा. अडचण एवढीच की तेव्हा शाळा नुकतीच सुरू झालेली असते, म्हणून किरकोळ रजा आधीपासून राखून ठेवायची, हेही चिठ्ठीवर लिहिलंय. तयारी म्हणून रविवारी अजिंक्यतारा चढते. आता वरपर्यंत न थांबता जाते.

बोर्ड दिवाणखान्यात लावला नाही. पाहुणे बघतात, विचारतात, सल्ले देतात आणि आपण नकळत त्यांना बरं वाटेल असं काहीतरी लावायला लागतो. माझा बोर्ड साड्यांच्या कपाटाच्या दाराला आतून लावलाय. शाळेत जाताना कपाट उघडतंच, तेव्हा दिसतो. पुण्याहून आलेल्या मुलीने मात्र तो उघडून बघितला आणि बराच वेळ उभी राहिली. "तू गायचीस हे मला नीट माहीतच नव्हतं," म्हणाली.

दर सहा महिन्यांनी तो पुन्हा वाचायचा ठरवलंय, सत्र संपतं तेव्हा. पहिल्या फेरीत पैशांचा कागद बदलला, कारण पगारातून आपोआप वळती होणारी रक्कम मी वाढवली. मध्यमा प्रथमचा अर्ज एप्रिल-मेच्या सत्रासाठी भरून झालाय. तुम्ही बसणार असाल तर घरात कुणी नसेल अशी एक संध्याकाळ काढा, कात्रीला हात लावण्याआधी हेव्याचं पान लिहा आणि चित्राखाली नाव घालायला पेन्सिल जवळ ठेवा.