दाजी, औषधं आणि सावर

ढाक्यात सगळे बघतात तेच आम्हीही पाहिलं. लालबाग किल्ल्यात गर्दी, सदरघाटावर त्याहून जास्त गर्दी, कच्ची बिर्याणी मात्र अप्रतिम. त्याबद्दल एवढं पुरे.

सावर ढाक्यापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण बसने अर्धा दिवस खाल्ला. कंडक्टर पत्र्यावर थापा मारत ओरडतोय आणि गाडी जागची हलत नाही. आमचे दाजी गावाकडच्या एका धर्मादाय दवाखान्याचे खजिनदार. दर दिवाळीला पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतात. सावरचं गणस्वास्थ्य केंद्र, म्हणजे गोरगरिबांसाठीची आरोग्यसंस्था, बघायचा हट्ट त्यांचाच.

१९७१ च्या मुक्तियुद्धात डॉ. झफरुल्ला चौधरी लंडनमधलं शिक्षण अर्धवट सोडून आले आणि त्रिपुरात मेलाघरला बांबूचं ४८० खाटांचं इस्पितळ उभं राहिलं. नर्सिंगचा गंध नसलेल्या मुली तिथे शिकून तयार झाल्या. युद्ध संपल्यावर तेच काम गणस्वास्थ्य केंद्र म्हणून सावरला आलं. गावोगाव आरोग्यसेविका सायकलवर जायच्या. त्या काळात बाई सायकलवर दिसणं हीच बातमी होती. विमाही निघाला: गरिबाला हप्ता कमी, ऐपत असेल त्याला जास्त. पण हप्त्यांतून सगळा खर्च कुठला भागायला! म्हणून १९८१ मध्ये औषधांचा कारखाना काढला. मालकी ट्रस्टची. नफ्यातला निम्मा कारखान्याच्या वाढीला, निम्मा समाजकार्याला.

कारखान्याच्या आत आम्हाला जाता आलं नाही, आणि ते बरोबरच आहे. औषधं बनतात तिथे पाहुणे कशाला?

बाहेर चहा घेताना दाजी म्हणाले, "दवाखान्याने धंदा केला की डॉक्टरचं लक्ष गल्ल्यावर जातं."

"आणि देणगीवर चालतो तेव्हा?"

"तेव्हा माझं जातं," दाजी म्हणाले आणि स्वतःच हसले.

मला त्यांचं म्हणणं सगळंच चूक वाटत नाही. फक्त इथला धंदा आधी दुसऱ्यांच्या गल्ल्यावर घाव घालणारा होता. औषधं कंपनीच्या ब्रँडऐवजी मूळ (जेनेरिक) नावानं, स्वस्तात. १९८२ च्या औषध धोरणामागे डॉ. चौधरींचा मोठा हात; त्यात निरुपयोगी नाहीतर घातक अशी सुमारे सतराशे औषधं बाद झाली. कंपन्या चिडणारच. आपल्याकडे साखर कारखान्यांनी इस्पितळं काढली, पण औषधाचा भाव पाडायला कारखाना? मला तरी आठवत नाही.

डॉक्टर २०२३ मध्ये गेले. कबर आवारातच आहे. दाजींनी तिथे चप्पल काढून हात जोडले.

परतीच्या बसमध्ये दाजी डायरी उघडून बसले. डाळमिल टाकली तर भांडवल किती, वीजबिल किती, दवाखान्याला महिन्याला काय सुटेल. ताई खिडकीतून धूर बघत म्हणाली, "आधी महिला मंडळाचा पापड उद्योग कुणी बुडवला, त्याचा हिशोब लिहा."

दाजींनी पान उलटलं.