न पाहिलेला हॅरी ग्रेब

"ज्याची एकही लढत तुम्ही पाहिलेली नाही, त्या अमेरिकन बॉक्सर हॅरी ग्रेबला तुम्ही थोर मिडलवेटांच्या, म्हणजे मधल्या वजनगटातल्या बॉक्सरांच्या, पंगतीत बसवता तरी कसं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं बॉक्सिंगची आवड असलेलं कुणीही भेटलं की हेच विचारतं. यापुढे विचारणाऱ्याला हे वाचायला देऊन मी मोकळा.

नाही पाहिलेली. आज हयात असलेल्या कुणीच पाहिलेली नाही. हा माणूस सुमारे ३०० लढती खेळला, एकट्या १९१९ मध्ये ४५, आणि त्यांतल्या एकीचीही फिल्म आज हाती नाही. आता यात त्याचा काय दोष? १९१० मध्ये जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय जगज्जेत्याने रीनो गावात गोऱ्या जिम जेफ्रीजला लोळवलं. ती फिल्म गावोगाव फिरणार म्हटल्यावर गोऱ्या अमेरिकेच्या पोटात गोळा आला आणि १९१२ मध्ये लढतींच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायला कायद्यानेच बंदी आली. ती उठली १९४० मध्ये. धंदाच बसला, मग रिळं जपणार कोण? ग्रेबची अख्खी कारकीर्द, १९१३ ते १९२६, या बंदीतच गेली.

उरली आहे ती १९२५ मधली सरावाची चिमुकली क्लिप. ती आमच्या क्लबातल्या पोरांना दाखवायची हौस माझीच. ग्रेब ग्रेब करून मी त्यांचे कान किटवले होते. संध्याकाळचा सराव संपला, हातांच्या पट्ट्या सोडत सगळी मोबाइलभोवती जमली. पडद्यावर केस चापूनचोपून बसवलेला एक माणूस हँडबॉल खेळतो, कॅमेऱ्याकडे बघून हसतो, मग केव्हाच निवृत्त झालेल्या बॉक्सर फिलाडेल्फिया जॅक ओब्रायनबरोबर हलकं स्पारिंग, म्हणजे सरावाची लुटुपुटूची लढत, करतो. बचावासाठी तोंडासमोर हात धरण्याचा पत्ता नाही, ठोसे चापट्यांसारखे. आधी एक जण फिस्सकन हसला, मग सगळेच. आमच्यातला सगळ्यांत गुणी पोरगा, ज्याचे पाय रिंगमध्ये ठरत नाहीत, तो म्हणाला, "सर, याला तर मी पण धुईन." मी भडकलो. त्याच्या लंगड्या जॅबवरून, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावरून, सगळ्यांसमोर टोचून बोललो. पोरगा पट्ट्या गुंडाळून निघून गेला आणि पुढचे काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. इतकं भडकायला झालं काय होतं? क्लिप पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्याही मनात नेमकं तेच आलं होतं.

आणि त्या भरात मुख्य गोष्ट सांगायची राहिली. क्लिपमधल्या त्या माणसाचा उजवा डोळा निकामी आहे. ते त्याने लपवून ठेवलं; जगाला कळलं तो १९२६ मध्ये गेल्यावर.

मग पुरावा कुठला? २३ मे १९२२, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. समोर जीन टनी, दहा-बारा पौंडांनी जड आणि तोवर अपराजित. पहिल्याच फेरीत टनीचं नाक मोडलं, मग भुवया फुटल्या. १५ फेऱ्या तो रक्त गिळत उभा राहिला आणि हरला. याच टनीने पुढे हेवीवेटमधल्या नावाजलेल्या जॅक डेम्प्सीला दोनदा हरवलं, आणि अख्ख्या कारकिर्दीत तो हरला तो या एका रात्री. ग्रेबच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही टनी होता. फिल्म ही एक साक्ष असेल, तर टनीचं नाक ही दुसरी. पुढच्या लढतींत टनीने हिशेब चुकता केला, तेही मी लपवत नाही. ग्रेब डोळ्यात अंगठा घालायचा, डोकं मारायचा, म्हणता? घालायचा, मारायचा. गामाची एकही कुस्ती न पाहता गामा थोर म्हणताना मात्र आपल्याला कुणी अडवत नाही.

ग्रेबच्या लढतींवर तेव्हाच्या पेपरांनी लिहिलं त्याचं म्हणाल, तर ते मी डोळे मिटून वाचत नाही. त्या काळी कित्येक राज्यांत गुणांवर निकाल द्यायलाच मनाई होती. दोघंही शेवटपर्यंत उभे राहिले, तर दुसऱ्या दिवशी वार्ताहर लिहितील तो निकाल. पैजाही त्यावरच फिटायच्या. ग्रेब पिट्सबर्गचा. पिट्सबर्गच्या पेपरने त्याला जिंकवलं, तर मी ते अर्धंच धरतो. प्रतिस्पर्ध्याच्या गावचा वार्ताहर आपलाच माणूस हरला म्हणून लिहितो, तेव्हा मात्र पूर्ण मार्क.

विशीतल्या मला हे पटलं नसतं. अली बघा, शुगर रे रॉबिन्सन बघा, दिसतं ते खरं, असं तो म्हणायचा. त्याला मी विचारतो: रॉबिन्सन ऐन बहरात वेल्टरवेट, म्हणजे मिडलवेटहून हलक्या गटात, होता, ते तू कुठे पाहिलंस? त्याचंही चित्रण जवळपास नाहीच. तू पाहिलास तो नंतरचा मिडलवेट. पण तो ऐकतो कुठला! म्हणतो, फिल्म नाही म्हणूनच तुझा ग्रेब मोठा. ज्याचा वाईट दिवस कुणी पाहिलाच नाही, त्याला थोर म्हणायला काय जातंय? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

त्यात टायगर फ्लॉवर्स आहेच. १९२६ मध्ये त्याने ग्रेबकडून जगज्जेतेपद घेतलं आणि परतीच्या लढतीतही त्यालाच विजयी ठरवलं. दोन्ही निकालांवर तेव्हाच वाद झाले. तिथे मी परीक्षकांचं मानू की रिंगशेजारी बसून ग्रेबला कौल देणाऱ्या वार्ताहरांचं? एरवी पेपरवाल्यांवर भिस्त ठेवणारा मी इथे कुठे झुकतो, ते तुम्ही ओळखलंच असेल. १९८० च्या दशकातला मिडलवेट जगज्जेता मार्व्हिन हॅगलर याच्यापुढे ग्रेबचं काय झालं असतं, ते मात्र विचारू नका. त्यावर मी भांडतही नाही.