आधी ऐहोळे, मग पट्टदकल

सोलापूरहून गदगकडे जाणारी रेल्वे विजयपूर, बागलकोट करीत बदामीला पोहोचते, त्यामुळे चालुक्यांची बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे ही तिन्ही ठिकाणे पाहायला महाराष्ट्रातून स्वतःची गाडी न्यावी लागत नाही. डिसेंबरात आम्ही दोघांनी तिन्ही मुक्काम बदामीतच ठेवले आणि सगळे फिरणे बसने व वडापने केले. रेल्वेस्थानक गावापासून सुमारे ५ किलोमीटर दूर आहे, तेव्हा रात्री उतरणाऱ्यांनी लॉजवाल्याशी रिक्षाचे आधीच बोलून ठेवावे.

पहिल्याच दिवशी आमचा क्रम चुकला. बदामीपासून सुमारे २२ किलोमीटरवरचे पट्टदकल वाटेत आधी लागते, म्हणून तिथे उतरलो आणि विरूपाक्ष मंदिरापाशी दुपार केव्हा कलली ते कळलेच नाही. दुसऱ्या विक्रमादित्याने कांचीच्या पल्लवांवर मिळवलेल्या विजयाप्रीत्यर्थ राणी लोकमहादेवीने आठव्या शतकात बांधवलेले हे मंदिर वेरूळचे कैलास पाहिलेल्या माणसाला पावलोपावली ओळखीचे वाटते. त्याच आवारात उत्तरेकडची नागर आणि दक्षिणेकडची द्राविड अशा दोन्ही धाटणीची शिखरे जवळजवळ उभी असल्याने एरवी पुस्तकात न समजणारा फरक इथे नुसत्या डोळ्यांनी कळतो. पण ऐहोळ्याला पोहोचेपर्यंत चार वाजले होते, आणि परतीच्या बसच्या धास्तीने दुर्ग मंदिराला घाईघाईने एक फेरी मारून निघावे लागले. (हे नाव दुर्गादेवीवरून नव्हे, तर मंदिरालगतच्या दुर्गावरून, म्हणजे तटबंदीवरून पडले.)

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, ते सकाळच्या पहिल्या बसने थेट ऐहोळ्यालाच, आणि आमच्या मते हाच क्रम योग्य आहे, कारण परतताना पट्टदकलला उशीर झाला तरी तिथून बदामी जवळ पडते. या फेरीत टेकडीवरचे मेगुती हे जैन मंदिर निवांत पाहता आले. त्याच्या बाहेरच्या भिंतीत बसवलेला इ. स. ६३४ चा शिलालेख संस्कृतात आहे. त्यात तो रचणारा कवी रविकीर्ती स्वतःला कालिदास आणि भारवी यांच्या पंक्तीला बसवतो, आणि दुसऱ्या पुलकेशीने ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य मिळवल्याचे सांगतो. लिपी आम्हाला वाचता येत नव्हती, तरी त्या बारीक, सरळ ओळींपुढे आम्ही बराच वेळ उभे होतो. वर सावली फारशी नाही. पाणी खालूनच न्यावे.

बदामीची चार लेणी मात्र एका सकाळीत होतात. तिसऱ्या लेण्यात चालुक्य घराण्यातल्या मंगलेशाचा शके ५००, म्हणजे इ. स. ५७८ चा लेख आहे. तिथला शेषावर बसलेला विष्णू आणि पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज यांच्यासाठी वेळ राखावा. माकडांचा उपद्रव खरा आहे: केळ्यांची प्लास्टिकची पिशवी माझ्या हातातून गेली ती पायऱ्या संपायच्या आतच, म्हणून सगळे सामान चेन लावलेल्या पाठपिशवीत ठेवावे. तलावापलीकडचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. भूतनाथ मंदिर पश्चिमेकडे तोंड करून तलावाच्या काठावर आहे, तेव्हा तिकडे संध्याकाळीच जावे.

अनेक मराठी घराण्यांची कुलदेवता असलेली बनशंकरी गावापासून ५ किलोमीटरवर आहे. तिथे बायका टोपल्यांतून ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, भरले वांगे आणि घट्ट दही घेऊन बसतात. दुपारचे जेवण त्यांच्याकडेच करावे, आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत.