उकड्या तांदळाच्या कणीपासून : आमची वाटचाल

आजारातून उठलेल्या माणसाला आपल्या गोव्यात आधी पेज देतात. आयुर्वेदात पंचकर्मानंतर पेया, मग विलेपी असा पातळापासून घट्टाकडे जाणारा क्रम सांगितला आहे. आमच्या घरांतल्या बायकांनी तो क्रम ग्रंथ न उघडताच पाळला. डिचोलीतला आमचा उद्योग या पेजेवरच उभा राहिला. बाळंतिणीसाठी, ऑपरेशन होऊन घरी आलेल्यासाठी ओळखीचे लोक सासूबाईंकडे उकड्या तांदळाची कणी मागायला येत. मागणी वाढत गेली तशी घराच्या पडवीत गिरणी आली आणि पुढे परवाना, पाकिटे, लेबले हे सगळे मागोमाग आले.

उकडाच का, असे तरुण गिऱ्हाईक हमखास विचारते. भात भिजवून, वाफवून, सुकवून मग कांडला की वरच्या थरातले ब-१ जीवनसत्त्व दाण्यात मुरते आणि कांडणीत सगळे कोंड्याबरोबर जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर ख्रिस्तियान आयकमन यांना कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना दिसले. कोंड्यासकट तांदूळ मिळाला तेव्हा त्या सावरल्या. त्या संशोधनाला १९२९ साली नोबेल मिळाले. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातला, लाल कोरगुट तांदूळ मिळेल तेव्हा आम्ही तोच घेतो. खारे पाणी सोसणारे हे वाण लावणारे शेतकरी आता कमीच उरलेत, म्हणून भाव करताना आम्ही फार ताणत नाही.

नाचणी आली ती सत्तरी तालुक्यातून. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात दहाही नसते. पण धान्यात असलेले सगळेच अंगी लागत नाही, कारण त्यातले फायटेट नावाचे द्रव्य लोह आणि कॅल्शियम धरून ठेवते. भिजवून मोड आणले की ते कमी होते. म्हणून आमच्याकडे नाचणी रात्रभर भिजते, फडक्यात बांधून मोड येतात, मग सुकवून, मंद भाजून दळली जाते. पावसाळ्यात आपल्या हवेत मोडांना बुरशी यायला वेळ लागत नाही. पहिल्या काही वर्षांत जून ते सप्टेंबर हे काम बंदच असायचे. ड्रायर घेतला तेव्हा कुठे बारमाही पुरवठा जमला. कर्ज जड होते, पण मिळालेल्या पैशाचा तो सर्वांत चांगला उपयोग होता असे मला आजही वाटते.

मोड आणलेल्या नाचणीच्या याच सत्त्वावरून एक मोठी ऑर्डर आम्ही सोडली. एका वितरकाला पाकिटावर ‘मधुमेहावर रामबाण’ असे हवे होते. औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याने अशी जाहिरात करता येत नाही, हे खरेच; पण कायदा नसता तरी मी ते छापले नसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के. देशाचे प्रमाण ११.४ होते. इथे घरोघरी कोणीतरी गोळ्या घेते आहे. रामबाण वाचून एखाद्याने त्या थांबवल्या तर? शिवाय बारीक पिठाची पातळ आंबील रक्तातली साखर बऱ्यापैकी लवकर वाढवते, आणि गूळ घातलेल्या तिझणाचे, म्हणजे नाचणीच्या गोड पेजेचे, तर विचारूच नका. मधुमेही गिऱ्हाइकाला आम्ही भाकरी करायला सांगतो, सोबत अळसांद्याची (चवळीची) किंवा कुळथाची उसळ आणि पालेभाजी. एकटी नाचणी काही करत नाही, ताटातले बाकीचे काय आहे त्यावर सगळे ठरते.

रक्त कमी असलेल्या मुलींच्या आयांनाही हेच: जेवणावर लिंबू पिळा, चहा जेवणाला लागून देऊ नका. चहातले टॅनिन लोह अडवते. एवढ्या साध्या बदलाला पैसे लागत नाहीत, आमचे काही विकलेही जात नाही, तरी ते सांगायचेच असे आमच्याकडे काम करणाऱ्या बायकांना पहिल्या दिवशी शिकवले जाते.

भिरंडीची, म्हणजे कोकमाची, सोलां आणि आगळ (खारवलेला रस) हे नंतर वाढवले. आगळात मीठ भरपूर असते, ते टिकते त्या मिठावरच. त्यामुळे बाटलीवर रक्तदाबाची सूचना मोठ्या अक्षरांत आहे, नाव लहान झाले तरी चालेल. शेवग्याच्या पाल्याच्या पावडरीवरही तसेच: त्यात के जीवनसत्त्व पुष्कळ, आणि रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्या हृदयरुग्णाला ते बाधू शकते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पोटॅशियमचा प्रश्न येतो. अन्नात गुण आहेत असे मानणाऱ्याने अन्नाचे उपद्रवही मानले पाहिजेत.

दर बुधवारी डिचोलीच्या बाजारात आमची बैठक असते. घरात कोणी आजारी असेल तर चालू औषधांची यादी बरोबर आणा. काय घ्यावे ते सांगू, काय घेऊ नये तेही, आणि जिथे डॉक्टरांना विचारायला हवे तिथे आधी त्यांच्याकडे पाठवू.