पेटी, तबला आणि जेफ बकलीचा 'ग्रेस'

परवा रात्री जेवणं झाल्यावर भांडी आवरता आवरता स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरवर 'ग्रेस' हा अल्बम लावला होता आणि 'लव्हर, यू शुडव्ह कम ओव्हर' सुरू झालं तशी आई बाहेरच्या खोलीतून आत आली, म्हणाली, "अरे, पेटी कोण वाजवतंय?" आई कितीतरी वर्षं भजनी मंडळात गातीये, खरी पेटी कुठली आणि कीबोर्ड कुठला हे तिला कुणी सांगावं लागत नाही. म्हटलं, आई, हा अमेरिकेतला मुलगा आहे, रॉक गायचा. ती ओट्याला टेकून उभी राहिली ती गाणं संपेपर्यंत. शब्द तिला कळले नसणार, पण शेवटाकडे तो जसा वर वर चढत जातो तिथे तिने "आहा" म्हटलं, मैफलीत म्हणते ना, अगदी तसंच.

तेव्हापासून डोक्यात होतं की या अल्बमवर लिहायचं.

मी हा पहिल्यांदा ऐकला 2008 साली हॉस्टेलवर, रूममेटच्या पेन ड्राइव्हमधून, तोवर जेफ बकलीला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आयुष्यात त्याने स्टुडिओ अल्बम पूर्ण केला तो हा एकच, ऑगस्ट 1994 मधला. रेकॉर्डिंग वुडस्टॉकजवळच्या बेअर्सव्हिल स्टुडिओत, प्रोड्यूसर अँडी वॉलेस, ज्याने निर्वाणा या रॉक बँडचा 'नेव्हरमाइंड' मिक्स केला होता तोच. आणि अमेरिकेत तेव्हा या अल्बमची मजल बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत 149 नंबरपर्यंतच गेली. डेव्हिड बोवीसारख्या बड्या रॉक गायकाने निर्जन बेटावर न्यायच्या दहा अल्बममध्ये ज्याचं नाव घेतलं त्याची ही गत, आजही वाचलं की पोटात कालवतं.

यात दहा गाणी आहेत आणि त्यातली तीन दुसऱ्यांची. माझ्यासाठी सगळी गंमत इथेच आहे. आपल्याकडे तानसेन-कानसेन म्हणतात ना, हा दोन्ही होता आणि आधी कानसेन. 'लायलॅक वाइन' निना सिमोनने गाऊन ठेवलेलं, 'कॉर्पस क्रिस्टी कॅरल' म्हणजे सुमारे पाचशे वर्षं जुने शब्द आणि बेंजामिन ब्रिटनची चाल, आणि तिसरं लेनर्ड कोहेनचं 'हॅलेलुया', तेही जॉन केलने जसं गायलं होतं त्या वळणाने. एका पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या पोराने पहिल्याच अल्बममध्ये हे सगळं शेजारी शेजारी ठेवायचं, आणि लगेच पुढे 'इटर्नल लाइफ'सारखं दणदणीत गिटारचं गाणं, आणि कुठेही ठिगळ लावल्यासारखं वाटत नाही.

'हॅलेलुया' हेडफोन लावून ऐका. गिटारच्याही आधी एक श्वास ऐकू येतो, सोडलेला. दमून घरी आल्यावर चपला काढताना आपण सोडतो तसा. तो श्वास त्यांनी कापून टाकला नाही याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. मग जवळजवळ सात मिनिटं फक्त एक इलेक्ट्रिक गिटार आणि आवाज, ड्रम नाही काही नाही, आणि तरी ते कुठे रिकामं वाटत नाही.

आता आपल्या कानांना या आवाजात ओळखीचं काय लागतं? तर नुसरत फतेह अली खान. जेफ त्यांचा भक्तच होता, 'हा माझा एल्विस' म्हणायचा. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमध्ये 'शिने' नावाचा छोटासा कॅफे होता, तिथे तो एकटा गिटार घेऊन गायचा, आणि तिथलं 1993 चं रेकॉर्डिंग आहे ज्यात तो चक्क 'ये जो हल्का हल्का सुरूर है' गातो, उर्दूत. उच्चार इकडेतिकडे होतात पण जीव ओतून गातो हो. ते ऐकून मग 'मोजो पिन'ची सुरुवात ऐका, शब्द यायच्या आधी तो जे नुसतं गुणगुणत स्वर शोधत बसतो, मला तर ती आलापीच वाटते. 'ग्रेस' याच नावाच्या गाण्याच्या शेवटी तो आवाज जिथे नेऊन ताणतो तिथे अंगावर काटा येतो, सोळा वर्षांत एकदाही चुकलेला नाही.

बापाबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टिम बकली, तोही गायक, तोही नावाजलेला, 1975 मध्ये ओव्हरडोसने गेला, वय 28. जेफला लहानपणी तो म्हणावा असा भेटला एकदाच. 1991 मध्ये ब्रुकलिनच्या सेंट ॲन्स चर्चमध्ये टिमच्या आठवणीत कार्यक्रम झाला, तिथे हा गेला आणि त्याने बापाचं नेमकं तेच गाणं म्हटलं जे बायको-मुलाला सोडून जाण्याबद्दल होतं. तिथूनच लोकांना कळलं की हा कोण. आणि पुढे सहाच वर्षांनी, 29 मे 1997 ला, मेम्फिसला नदीच्या पाण्यात कपड्या-बुटांसकट पोहायला उतरला आणि गेला. दुसऱ्या अल्बमसाठी बँडची पोरं त्याच संध्याकाळी तिथे पोचत होती. वय 30. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नुसरतही गेले.

अल्बमचं शेवटचं गाणं 'ड्रीम ब्रदर'. एका मित्रासाठी लिहिलेलं, की बाबा रे, माझ्या बापाने केलं तसं तू करू नकोस, पोटुशी बाई टाकून जाऊ नकोस. त्यात तबला आहे, मिशा मसूद यांनी वाजवलेला, आणि मिक्समध्ये तो इतका आत ठेवलाय की पहिली काही वर्षं मला तो ऐकूच आला नव्हता.

परवा आईला तो पहिल्याच फेरीत ऐकू आला. भांडं पुसता पुसता ती बोटांनी ओट्यावर ठेका धरून उभी होती.