हेड्स-अप सराव: बटनावरून 3 ऐवजी 2.5, आणि मेव्हण्यासाठी वेगळा हिशोब

पोकरच्या सरावात या टप्प्यात फ्लॉपनंतरचं (टेबलावर पहिले तीन पत्ते उघडल्यानंतरचं) सगळं बाजूला ठेवलं. दोघांच्या (हेड्स-अप) नो-लिमिटमध्ये, म्हणजे बेटला कमाल मर्यादा नसलेल्या प्रकारात, बटनावरून (डीलरच्या जागेवरून) पहिला रेझ (बेट वाढवणं) किती आणि कोणत्या पत्त्यांवर, एवढंच घोटायचं ठरवलं. खेळ घरगुती, प्लास्टिकच्या चिप्सवर, पैसे नाहीत. ऑनलाइन पैशांचे खेळ 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केले, त्यामुळे सराव म्हणजे गिरगावात मेव्हण्याकडे किंवा घाटकोपरला मित्राकडे. एरवी ठाण्याहून सीएसएमटीला जाताना बसायला मिळालं तर मोबाईलवर रेंजचा (कोणते हात खेळायचे त्याचा) तक्ता.

नवीन मंडळींसाठी एक गोष्ट: दोघंच असताना बटनवालाच स्मॉल ब्लाइंड असतो, म्हणजे सक्तीने आधीच अर्धा ब्लाइंड टाकतो; समोरचा बिग ब्लाइंड, तो पूर्ण एक टाकतो. प्रीफ्लॉपला (फ्लॉपच्या आधी) बटनवाला आधी बोलतो, पण फ्लॉप, टर्न (चौथा पत्ता), रिव्हर (पाचवा) तिन्हीकडे शेवटी. सहा जणांच्या टेबलावर जे पत्ते न बघता फेकतो ते इथे उघडता (पहिला रेझ करून खेळता) येतात, ते या शेवटी बोलण्याच्या जोरावर.

पूर्वी सरसकट 3 ब्लाइंड (सगळे आकडे बिग ब्लाइंडच्या पटीत) रेझ करायचो. आता 100 ब्लाइंडच्या स्टॅकला (हातातल्या चिप्सच्या साठ्याला) 2.5 वर आलोय. कारण साध्या भागाकारात आहे. अर्धा ब्लाइंड आधीच टाकलेला असतो, म्हणून 3 चा रेझ म्हणजे 2.5 घालून पडलेले 1.5 उचलायचा प्रयत्न. समोरचा 62.5 टक्के वेळा फोल्ड झाला (पत्ते टाकले) तरच तेवढ्यावर बरोबरी. 2.5 ला हाच आकडा 57 वर येतो, 2 ला थेट 50 वर. दुसरी बाजूही बघा: 2 च्या रेझला बिग ब्लाइंडला कॉल करायला (तेवढंच भरून खेळात राहायला) 25 टक्के इक्विटी (जिंकायची शक्यता) पुरते, 2.5 ला 30, 3 ला 33. ऑफसूट (वेगळ्या चिन्हांची) सत्ती-दुर्रीसुद्धा एक्का-राजाविरुद्ध तीनात एकदा जिंकते, तेव्हा 2 ला जवळपास कुणालाही कागदावर कॉल करता येतो. पण ती इक्विटी कागदावरचीच. फ्लॉपला आधी बोलावं लागतं, जोडी जमली नाही की बेट येते आणि पत्ते टाकावे लागतात. रेझ लहान ठेवण्यातला खरा फायदा मला हा वाटतो: कमी किमतीत जास्त वेळा समोरच्याला या अवघड जागी बसवता येतं.

मग फेकायचं काय? दोन पत्त्यांचे एकूण हात 1326. त्यात जोड्या 78, सूटेड (एकाच चिन्हाचे) 312 आणि ऑफसूट 936. मी फक्त ऑफसूट कचरा काढलाय: दुर्रीबरोबर तिर्री ते दश्शी, तिर्रीबरोबर चौकी ते नव्वी, आणि चौकीबरोबर अठ्ठी, नव्वी. झाले 16 प्रकार, प्रत्येकी 12, म्हणजे 192 हात. साडेचौदा टक्के गेले, बाकी सगळ्यांवर रेझ. राणी-दुर्री ऑफसूट उघडताना हात अजून अडखळतो, पण उघडतो. आणि आकार प्रत्येक हाताला तोच. एक्क्यांना 3 आणि गुलाम-पंजीला 2 असं केलं, तर समोरच्याला पत्ते उघडे करून दाखवल्यासारखंच.

लिंपचं (रेझ न करता नुसता ब्लाइंड पुरा करण्याचं) काय? अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस प्रोग्रॅमने हेड्स-अप लिमिट (बेटचा आकार ठरलेला) पोकर जवळपास सोडवला, तो निबंध जानेवारी 2015 मध्ये आला. हा प्रोग्रॅम बटनावरून 0.06 टक्के हातांनाच लिंप करतो. तो लिमिट होता, तेव्हा नो-लिमिटला हा आकडा जसाच्या तसा लावू नका. आमच्यातले काही जण लावतात. नो-लिमिटला स्टॅक उथळ झाला की सॉल्व्हर (सर्वोत्तम खेळ शोधणारे प्रोग्रॅम) भरपूर लिंप करतात. 100 ब्लाइंडला मात्र मी लिंप पूर्ण बंद ठेवलाय, निदान तक्ता पाठ होईपर्यंत.

आता माणसं. मेव्हणा कॉल सोडत नाही. "फ्लॉप बघायला काय जातंय?" हे त्याचं तत्त्वज्ञान. त्याच्यापुढे 57 टक्के फोल्डचा हिशोब निरुपयोगी, म्हणून तिथे उलट केलं: 3.5 चा रेझ आणि तळचे साधारण 40 टक्के हात बंद. चांगला पत्ता असताना पॉट (मधल्या चिप्स) मोठा, बाकी वेळी फुकटचा दंगा नाही. सॉल्व्हरला हे पटणार नाही, पण सॉल्व्हर मेव्हण्याशी खेळत नाही.

घाटकोपरचा मित्र नेमका उलटा. थ्री-बेट (माझ्या रेझवर पुन्हा रेझ) करतच सुटतो. मी 2.5 केले की तो 10. त्यासाठी तो 9 ब्लाइंड घालतो आणि उचलायला आहेत 3.5, म्हणजे 72 टक्के वेळा मी फोल्ड झालो तरच कोणत्याही पत्त्यावर त्याची बरोबरी. उघडलेल्यातले 28 टक्के धरले की नुसतं दामटणं त्याला परवडत नाही. प्रत्यक्षात याहून बरेच जास्त धरावे लागतात, कारण मी कॉल केल्यावरही तो कधीकधी जिंकतोच. मला कॉलला 37.5 टक्के लागतात, पोझिशन माझी (फ्लॉपनंतर शेवटी मी बोलतो), त्यामुळे दश्शी-नव्वी सूटेड, राजा-दश्शी, मधल्या जोड्या आता सोडत नाही. फोर-बेट ब्लफला (त्याच्या थ्री-बेटवर कच्च्या हाताने माझा पुन्हा रेझ) एक्का-पंजी सूटेड. हातात एक एक्का आला की त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असायचे प्रकार 6 वरून 3 होतात आणि एक्का-राजाचे 16 वरून 12. त्याच्यापुढे उघडायचा आकारही 2 वर आणलाय, म्हणजे फोल्ड झालो तरी कमी जातं.

यापुढे 20 ब्लाइंडचा स्टॅक. तिथे लिंप परत आणणार आणि 2 चाच रेझ ठेवणार. 10 च्या खाली गेलं की नॅशच्या तक्त्याप्रमाणे (ऑल-इन किंवा फोल्ड एवढ्याच खेळाचा समतोल तक्ता) कोणतीही जोडी, कोणताही एक्का थेट ऑल-इन (सगळ्या चिप्स आत). 12 ते 20 मधला पट्टा कुणी नीट घोटला असेल, तर लिंपची रेंज कशी लावलीत ते सांगा. मी राजा-तिर्री ऑफसूटसारख्या हातांपासून सुरू करतोय.